मागची भिंत : ठाण्यातल्या एका बालगृहाच्या सुरक्षा निधीचं प्रकरण

कळव्याच्या पुढे, पारसिकच्या डोंगराला पाठ लावून उभ्या असलेल्या मुलींच्या एका बालगृहाचं हे प्रकरण आहे. संस्थेचं नाव, गल्ली, मुलींचा आकडा यांतलं काही इथे येणार नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ मुलांची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्याला शिक्षा आहे. शिक्षा नसती तरी मी ते लिहिलं नसतं. बाकी जे झालं ते मात्र सगळं सांगते. ठाण्यातल्या लहान विश्वस्त संस्थांचे हिशेब आणि कागदपत्रं बघणं हे माझं रोजचं काम आहे, आणि याच अवस्थेत अडकलेल्या संस्था मला दर वर्षी भेटतात.

जुलै २०२४ च्या पावसात बालगृहाची मागची भिंत बावीस फूट कोसळली. खाली दगडाचा जुना गडगा, त्यावर कधीतरी चढवलेलं विटांचं बांधकाम. डोंगरावरून उतरणारं पाणी वर्षानुवर्षं त्याच्या पोटात मुरत होतं, त्या पावसात त्यानं अंग सोडलं. अधीक्षिका ताईंनी तिथे निळी ताडपत्री बांधली आणि संध्याकाळी सातनंतर मुलींना मागच्या अंगणात जायला बंदी केली. पुढच्याच महिन्यात बदलापूरच्या शाळेतली लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची घटना उघडकीला आली. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. २१ ऑगस्टला शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय निघाला : शाळांमध्ये सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. हा निर्णय शाळांसाठी होता, बालगृहाला तो थेट लागू नव्हता. पण बदलापूर आमच्याच जिल्ह्यातलं आणि इथे भिंतीच्या जागी ताडपत्री. अध्यक्ष काकांची झोप उडाली, यात नवल नाही.

त्यांनी आठवड्याभरात एक अर्ज तयार केला. संस्थेच्या लेटरहेडवर एक पान. सोबत कॅमेरे विकणाऱ्याचं दरपत्रक आणि ओळखीच्या ठेकेदारानं वहीच्या कागदावर लिहून दिलेला भिंतीचा खर्च. मागणी अशी : सोळा कॅमेरे, पूर्ण मागची भिंत, दोन सुरक्षारक्षकांचा वर्षभराचा पगार, मिळून एकोणीस लाख. हाच अर्ज पाच ठिकाणी गेला. वरचं नाव तेवढं बदललं.

पाचपैकी एक दार मुळातच बंद होतं. नगरसेवक निधी मागायला नगरसेवकच नव्हते. ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि तेव्हापासून प्रशासक कारभार बघत होते. दोन ठिकाणांहून पोचही आली नाही. राहिले खासदारांचं कार्यालय आणि एक जिल्हास्तरीय कार्यालय. खासदारांच्या कार्यालयानं अर्ज शिफारशीसह पुढे पाठवला, आणि काकांनी मला फोन केला, "मंजूर झालं गं, आता फक्त चेक कधी येतो ते बघ."

मंजूर काहीच झालं नव्हतं. आणि चेक येणारच नव्हता.

खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना १९९३ पासून चालू आहे. प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपये असतात. पण खासदार फक्त काम सुचवतात. काम नियमात बसतं का, जागा कोणाची, संस्था पात्र आहे का, हे जिल्हा प्रशासन तपासतं. मंजुरी मिळाली की काम कार्यान्वयन यंत्रणेकडे, म्हणजे ते करून घेणाऱ्या सरकारी खात्याकडे, जातं आणि ती यंत्रणा ते करून घेते. संस्थेच्या खात्यात रुपयाही येत नाही. विश्वस्त संस्थांसाठी योजनेत वेगळ्या अटी आहेत : संस्था नोंदणीकृत आणि किमान तीन वर्षं जुनी हवी, ती नफ्यासाठी नसावी, खासदार किंवा त्यांच्या घरचं कोणी तिच्यावर पदाधिकारी नसावं, आणि तयार होणारी मालमत्ता लोकोपयोगासाठीच राहील असा करार करून द्यावा लागतो. शिवाय हा निधी टिकाऊ कामांसाठी आहे. पगार, वीजबिल, वार्षिक देखभाल यांत बसत नाही. आमच्या अर्जातला रक्षकांचा पगार पहिल्याच वाचनात कटणार होता आणि त्यानं सगळ्या अर्जावर संशय ओढवून घेतला असता.

हे मी काकांना समजावून सांगतेय तोवर १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. नवीन कामांना मंजुरी बंद. त्या सक्तीच्या थांब्याचा आम्हाला उपयोगच झाला. २३ नोव्हेंबरला निकाल लागेपर्यंत फाइल हलणार नव्हती, आणि तेवढ्या वेळात मला संस्थेचं कपाट उघडता आलं.

कपाटातले मृत विश्वस्त

संस्था १९८७ ची. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे संस्थेच्या अधिकृत नोंदीचा, ताजा उतारा काढला, तर त्यावर सात विश्वस्त. सातपैकी तीन जण वारलेले. चौथे २०१५ मध्ये मुलाकडे सांगलीला गेले, त्यांनी राजीनामा तोंडी दिला होता. आणि २०१६ पासून सगळ्या कागदांवर अध्यक्ष म्हणून सही करणारे आमचे काका त्या उताऱ्यावर कुठेच नव्हते.

हे कोणी लपवलं नव्हतं. सभा झाली होती, निवड झाली होती, पेढे वाटले होते. पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ खाली असा प्रत्येक बदल ९० दिवसांत कळवावा लागतो. याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. तो दाखल केला नाही तर सरकारी नोंदीत जुनेच विश्वस्त राहतात, आणि नव्या माणसाच्या सहीनं करार करायला सरकारी कार्यालय तयार होत नाही. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेची नोंद होती, तीही जुन्याच अध्यक्षांच्या नावानं.

डिसेंबरमध्ये अर्ज त्रुटी काढून परत आला तेव्हा पहिली त्रुटी हीच होती. काका फार दुखावले. "तीस वर्षं मी या पोरींसाठी झिजलो आणि मी कोण हे मला सिद्ध करायला सांगतात?" मला त्यांचं वाईट वाटलं. तरीही माझ्या मते तो प्रश्न रास्त होता. मुलींच्या निवासी संस्थेला सरकारी पैसा देताना सही करणारा माणूस कोण आहे, हे न विचारणारं कार्यालय मला जास्त भीतिदायक वाटलं असतं. २०१८ मध्ये बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले लैंगिक अत्याचार बाहेर आले ते टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या सामाजिक अंकेक्षणातून. तिथल्या मुलींना धोका कुंपणाबाहेरून आला नव्हता, संस्था चालवणाऱ्यांकडूनच आला होता. काकांना मी हे बोलून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "बरं, कागद काय काय लागतात ते लिहून दे."

मृत्यूचे तीन दाखले लागले. दोन सहज मिळाले. तिसऱ्यासाठी मी आणि खजिनदार डोंबिवलीला गेलो. दिवंगत विश्वस्तांच्या पत्नींनी दाखल्याबरोबर एक लहान पत्र्याची डबी पुढे केली. आत संस्थेचा जुना गोल शिक्का होता, रबर सुकून त्याला चिरा पडलेल्या. "हे म्हणायचे, संस्थेची वस्तू आहे, परत करायची राहिली. तुम्ही कोणी आलाच नाहीत." नऊ वर्षं ती डबी देवघराच्या खणात होती. आम्ही दोघींनी तिथे बसून चहा घेतला, पण खजिनदारांच्या डोळ्यांतून पाणी थांबेना.

सांगलीच्या विश्वस्तांकडून लेखी राजीनामा आला. २०१६ च्या सभेच्या इतिवृत्तावर सह्या अर्धवट होत्या, सभेची नोटीस सापडत नव्हती. म्हणून जुन्या त्रुटी मान्य करून रीतसर नवी सभा घेतली, नियमावलीप्रमाणे आधी नोटीस काढून, प्रत्येकाची पोच घेऊन. चेंज रिपोर्टला विलंब माफीचा अर्ज जोडला. त्यात कारण खरं लिहिलं : माहिती नव्हती, आणि कोणी एकानं जबाबदारी घेतली नव्हती. वकिलांनी आजारपणाचं कारण सुचवलं होतं, ते घेतलं नाही. सगळं मार्गी लागायला जुलै २०२५ उजाडला. यातले बहुतेक महिने आमचेच कागद जुळवण्यात गेले.

जमिनीचा घोळ त्यामानानं लवकर निस्तरला. बक्षीसपत्र १९९१ चं होतं, नोंदणीकृत होतं, मालमत्ता पत्रकावर संस्थेचं नाव होतं. पण हद्द कुठे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणी लावली. क प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात आली तेव्हा कळलं की पडलेली भिंत आमच्या हद्दीच्या चार फूट बाहेर, डोंगराच्या बाजूला होती. चौतीस वर्षं आम्ही जी आमची मागची हद्द समजत होतो, ती आमची नव्हतीच. नवी भिंत चार फूट आत घ्यावी लागणार होती आणि त्यात कपडे वाळत घालायची जागा जाणार होती. मोजणी न करता तिथेच भिंत उभी केली असती तर सरकारी पैशानं दुसऱ्याच्या जागेवर बांधकाम झालं असतं.

सोळा कॅमेरे कशाला?

कागद जुळत असतानाच आम्ही मागणी मुळापासून तपासायला घेतली, आणि हा भाग मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो.

खजिनदारांची मुलगी न्यू जर्सीत असते, तिथल्या एका देवळाच्या समितीवर काम करते. तिकडे संघराज्य सरकारची, फेमा या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेमार्फत चालणारी, खास बिननफा संस्थांसाठी सुरक्षा अनुदान योजना आहे. देवळं, मशिदी, सिनेगॉग, चर्च, शाळा, दवाखाने असे ज्यांच्यावर हल्ल्याचा धोका जास्त, ते यात अर्ज करतात. २०२४ साली एका जागेसाठी दोन लाख डॉलरपर्यंत मागता येत होतं. अर्ज थेट वॉशिंग्टनला जात नाही, राज्याच्या यंत्रणेमार्फत जातो, आणि साधारणपणे खर्च आधी संस्थेनं करायचा, परतावा मागाहून. मुलीनं आईला कोरा अर्ज पाठवला. आपल्याकडे अशी योजना नाही, त्यामुळे तो अर्ज आमच्या थेट कामाचा नव्हता. पण त्याची मांडणी बघून मी थबकले. तिथे आधी जागेची धोका-पाहणी जोडावी लागते : कुठे कच्चं आहे, तिथून काय होऊ शकतं, झालं तर परिणाम काय. आणि पुढे मागितलेली प्रत्येक वस्तू त्या पाहणीतल्या कुठल्या कच्च्या जागेसाठी आहे, हे लिहावं लागतं. जिचा धोका दाखवता येत नाही ती वस्तू मागता येत नाही.

मी आमच्या अर्जाकडे वळले. सोळा कॅमेरे कशाला? विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, डीव्हीआर सोळाचा येतो ना." डीव्हीआर म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र. ते आठचंही येतं, चारचंही येतं. पण आम्ही विचारलंच नव्हतं.

मग पाहणी केली. हद्दीतल्या पोलिस ठाण्याच्या बालकल्याण पोलिस अधिकारी बाई आल्या. मुलांशी संबंधित कामाला गणवेशात यायचं नसतं, त्या साध्या पंजाबी ड्रेसमध्ये आल्या. संध्याकाळी साडेसातला अंधार पडल्यावर अधीक्षिका ताई, त्या आणि मी, आम्ही फाटकापासून मागच्या ताडपत्रीपर्यंत चाललो. स्वयंपाकघराच्या मागे गॅस सिलिंडरची जागा उघडी. न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळातला दिवा बंद, तोही कित्येक महिने. गच्चीच्या दाराची किल्ली खिळ्याला टांगलेली. फाटकाबाहेरच्या गल्लीतले महापालिकेचे दोन दिवे गेलेले. बाईंनी गच्चीच्या किल्लीकडे बोट दाखवून एवढंच विचारलं, "ही इथे कधीपासून आहे?" ताई म्हणाल्या, "मी रुजू झाले तेव्हापासून."

दुसऱ्या दिवशी समुपदेशक ताईंनी मोठ्या मुलींना घराचा नकाशा काढायला दिला. कुठे भीती वाटते तिथे लाल फुली. नावं लिहायची नाहीत, चर्चा करायची नाही. मी ते नकाशे एकेक करून पाहिले. मागच्या भिंतीवर फुल्या होत्याच. बोळात त्याहून जास्त होत्या. आणि तीन नकाशांवर फुली होती ती पुढच्या मोठ्या खोलीत, जिथे वाढदिवस साजरे होतात. एका मुलीनं फुलीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं : "पाव्हणे. फोटो काढताना हात."

तीस वर्षं देणगीदार तिथे केक घेऊन येत होते. कधी कुणी जेवण घालायचं, कधी कुणी दप्तरं वाटायचं. फोटो काढायचे, मुलींच्या खांद्यावर हात टाकून. त्या खोलीचा विचार कुणाच्याच अर्जात नव्हता. माझ्याही मनात आला नव्हता. त्या रात्री मी घरी गेले आणि जेवले नाही.

एकोणीस लाखांचं काय झालं

पाहणीतून जी यादी, म्हणजे आमचा धोका-तक्ता, निघाली तिचे आम्ही पैशाच्या वाटेनुसार भाग पाडले, आणि एकोणीस लाखांची रक्कम फुटून वेगवेगळ्या दिशांना गेली.

काही गोष्टींना पैसेच लागत नव्हते. गच्चीची किल्ली अधीक्षिकांच्या कुलपात गेली आणि नोंदवही सुरू झाली. पाहुण्यांसाठी नियम लिहिला : भेट फक्त पुढच्या खोलीत, सोबत कर्मचारी, मुलींना स्पर्श नाही, मुलींचे फोटो नाहीत, फाटकावर ओळखपत्राची नोंद. काकांना धास्ती होती की देणगीदार तुटतील. दोन तुटले. बाकीच्यांना पत्र लिहून कारण सांगितलं, ते टिकले.

गल्लीतल्या दिव्यांसाठी अनुदान मागायचं कारणच नव्हतं, ते महापालिकेचं नेहमीचं काम. खांबांचे क्रमांक लिहून विद्युत विभागाला अर्ज दिला, तीन आठवड्यांत दिवे लागले. पहिल्या अर्जात आम्ही याच गल्लीसाठी दोन कॅमेरे मागितले होते.

रक्षकाच्या पगाराचं उत्तर तर संस्थेच्या घरातच होतं. मुलांच्या संस्थांसाठीच्या केंद्र-राज्य योजनेत, जी आता मिशन वात्सल्य म्हणून ओळखली जाते, पन्नास मुलांच्या गृहाच्या कर्मचारी आकृतिबंधात मदतनीस-नि-रात्रपहारेकरी अशी पदं असतात. आमच्या मंजूर पदांत असं एक पद होतं. कागदावर ते भरलेलंही होतं. पण त्या माणसाला दिवसभर बाजारहाट आणि बँकेच्या कामाला जुंपलं होतं आणि रात्री तो घरी जात होता. संस्थेची ही चूक मी अहवालात स्पष्ट लिहिली. आता त्या पदावर एक महिला आहे, रात्री आठ ते सकाळी सहा, आणि दर दोन तासांनी फेरीची सही. खासगी रक्षक घ्यायचाच झाला तर १९८१ च्या खासगी सुरक्षा रक्षक कायद्याखालच्या मंडळाकडून किंवा परवानाधारक एजन्सीकडून घ्यावा लागतो, ओळखीच्या माणसाला शिट्टी देऊन चालत नाही. हेही काकांना तेव्हाच कळलं.

कॅमेरे सोळावरून सातवर आले : फाटक, पुढचं अंगण, कार्यालयाचा दरवाजा, स्वयंपाकघराची मागची बाजू, बोळाचं बाहेरचं तोंड, जिना, मागची भिंत. झोपायच्या खोल्या, न्हाणीघरं आणि समुपदेशनाची खोली यांच्याकडे एकाही कॅमेऱ्याचं तोंड नाही, हे आराखड्यावर लिहून त्यावर अधीक्षिकांची सही घेतली. जुन्या दरपत्रकात सोळा कॅमेऱ्यांना एक टेराबाइटची डिस्क होती. हिशेब सोपा आहे. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट माहिती सतत लिहीत असेल तर दिवसाला साधारण २१.६ गिगाबाइट होतात. सोळांचे साधारण ३४६ झाले. एक टेराबाइट तीन दिवसांतच भरते आणि जुनं चित्रण पुसायला लागते. एखादी मुलगी आठवड्यानं बोलायला लागली, आणि मुली बहुतेक वेळा उशिराच बोलतात, तर दाखवायला काही उरलंच नसतं. सात कॅमेऱ्यांना तीस दिवसांसाठी साडेचार टेराबाइट लागतात, म्हणून सहाची डिस्क आणि वीज गेली तर चालणारा बॅकअप मागितला. विक्रेत्याच्या मूळ बेतात पाच विश्वस्तांच्या मोबाइलवर थेट चित्र दिसणार होतं. ते काढून टाकलं. बघण्याचा अधिकार फक्त अधीक्षिकांना, आणि कोणी कधी काय बघितलं याची वही. मुली राहतात त्या घराचं चित्र पाच पुरुषांच्या खिशात कशासाठी हवं, या प्रश्नाला सभेत कोणाकडेच उत्तर नव्हतं.

हे कॅमेरे रबाळ्याकडच्या एका कारखान्यानं सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी बाजूला ठेवायच्या पैशातून, दिले. त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. एप्रिल २०२१ पासून तिच्याशिवाय कंपनी पैसे देऊ शकत नाही. चेंज रिपोर्ट झाल्यामुळे ती नोंदणी विनाअडथळा झाली. कारखान्याच्या माणसानं आमचा धोका-तक्ता वाचला, सहावं पान पुन्हा उलटलं आणि म्हणाला, "मॅडम, बाकीच्या संस्था आम्हाला फक्त कोटेशन देतात."

म्हणजे खासदार निधीसाठी उरली ती भिंत. एकच काम, टिकाऊ, आमच्या हद्दीत. ठेकेदाराचा वहीचा कागद बाजूला ठेवला. सरकारी काम सरकारी दरसूचीनं मोजलं जातं, बाजारभावानं नाही. अंदाजपत्रक यंत्रणेच्या अभियंत्यांनी जागेवर येऊन केलं. डोंगराचं पाणी बघून त्यांनी भिंतीत ठरावीक अंतरावर पाणी निघायला भोकं आणि पायथ्याला गटार धरलं. आमच्या कागदावर यातलं काही नव्हतं. तशी भिंत बांधली असती तर दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा कललीच असती.

ऑगस्ट २०२५ मध्ये नवा प्रस्ताव गेला. वरचं पत्र दीड पानाचं. जोडपत्रांत परिशिष्ट एकचा उतारा, मालमत्ता पत्रक, क प्रत, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खालचं नोंदणी प्रमाणपत्र, कराराचा मसुदा, पोलिस अधिकाऱ्यांचं पाहणी पत्र आणि धोका-तक्ता. तक्त्याच्या पहिल्या ओळीत भिंतीचा धोका, तारखेसह पडझड, फोटो, आणि शेवटच्या रकान्यात "या निधीतून मागणी". बाकीच्या सगळ्या ओळींच्या शेवटच्या रकान्यात "अन्य मार्गानं पूर्ण" किंवा "संस्थेच्या नियमानं पूर्ण" असं लिहिलं होतं. माझं मत असं की त्या तक्त्यानं आमचं सर्वांत जास्त काम केलं. तपासणाऱ्याला दिसलं की संस्थेनं स्वतः जे करता येतं ते करून मग हात पसरला आहे.

एक त्रुटी तरीही आली, कराराच्या मसुद्यात देखभालीचा उल्लेख नव्हता. तो घातला. प्रशासकीय मान्यता ऑक्टोबरच्या शेवटी, कार्यादेश नोव्हेंबरमध्ये. मार्गशीर्षात खणायला सुरुवात झाली. १५ डिसेंबरला महापालिका निवडणुकीची आचारसंहिता लागली तेव्हा काका पुन्हा घाबरले, पण कार्यादेश आधीचा होता आणि काम चालू झालेलं होतं, ते थांबलं नाही. संक्रांतीच्या सुमारास भिंत उभी राहिली. काम चालू असताना मजुरांची ये-जा हा नवाच धोका होता. मुकादमाशी बोलून दहा ते पाच एवढीच वेळ ठेवली, बाहेरून वेगळी वाट दिली आणि मधे पत्र्यांचा आडोसा केला.

फलकाचा प्रसंग सांगायला हवा. या निधीतल्या कामावर योजनेचं नाव, खासदारांचं नाव, खर्च यांचा कायमचा फलक लावावा लागतो. फलकाला आमची हरकत नव्हती. पण फलकाच्या मसुद्यात बालगृहाचं पूर्ण नाव आणि "निराधार मुलींसाठी" असे शब्द होते, आणि फेब्रुवारीतल्या छोट्या कार्यक्रमाला छायाचित्रकार येणार होते. मी कलम ७४ ची प्रत घेऊन खासदारांच्या कार्यालयात गेले. वाद घालावा लागेल असं वाटत होतं. तिथल्या तरुण स्वीय सहायकांनी कलम वाचलं आणि विचारलं, "मग ताई, फोटोत काय चालेल?" भिंत चालेल, म्हटलं. मुली त्या दिवशी सकाळपासून शाळेत होत्या. फलकावर फक्त "संरक्षक भिंतीचं काम" असं आहे, आणि तो भिंतीच्या आतल्या बाजूला लावला आहे.

मार्चमध्ये समुपदेशक ताईंनी मुलींकडून नकाशे पुन्हा काढून घेतले. बोळातल्या फुल्या गेल्या होत्या. पुढच्या खोलीतल्या तीनांपैकी एक उरली होती, ताई त्या मुलीशी अजून बोलत आहेत. मागच्या भिंतीवर एकही फुली नव्हती. पण भिंतीच्या पलीकडे, जुना गडगा आणि नवी भिंत यांच्यामध्ये जी चार फुटांची पट्टी सुटली आहे, तिथे पाच मुलींनी फुली मारली होती. वरच्या मजल्याच्या खिडकीतून ती दिसते, आणि रात्री तिथे कोणी उभं असलं तरी खालून कळत नाही. क प्रतीप्रमाणे ती जागा आमची नाही. तिथे दिवा लावायचा तर परवानगी कोणाची घ्यायची, हे विचारणारं पत्र मी सोमवारी टाकते आहे. सोबत मुलींच्या एका नकाशाची प्रत जोडली आहे, घराचा बाकीचा भाग झाकून.